कपाळपाटीचं घर

नांदूरघाटच्या खाजामियाँ पिंजाऱ्याला आष्टीत वस्ताद म्हणायचे, पाटोद्यात वस्ताद म्हणायचे, आणि खुद्द नांदूरघाटात काय म्हणायचे? ‘अरे खाजा, आमच्या गादीचं कुठवर आलं?’ पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय उगीच?

निजामाचं राज्य होतं, फसली सालं मोजायचे दिवस. दिवाळी झाली की खाजामियाँ खांद्याला पिंजण अडकवायचा, बायकोला, जैनबबीला, ‘येतो गं’ म्हणायचा आणि गावोगाव गाद्या-रजयांचा कापूस पिंजत फिरायचा. दिवसभर पिंजणीच्या तातीचं टुंग टुंग. दिवस कलला, गुरं घरी आली, की हा गडी दाढीत अडकलेल्या कापसासकट त्या गावच्या माळावर हजर. कारण माळावर आट्यापाट्या चालायच्या, आणि आट्यापाट्या पाहिल्याशिवाय खाजामियाँला भाकर गोड लागत नसे.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गावोगावच्या रीती निराळ्या, पण आमच्याकडची अशी. जमिनीवर राखेनं आडव्या नऊ रेघा मारायच्या, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक गडी पाय रोवून उभा. समोरच्या गावाचे नऊ जण आत घुसणार, पाट्या चुकवत शेवटापर्यंत जाणार आणि तसेच चुकवत परत बाहेर येणार. हात लागला की बाद. जाऊन परत बाहेर आला एखादा, की झालं लोण! मग काय विचारता, टोप्या नि पटके आभाळात. पहिल्या पाटीला म्हणायचं कपाळपाटी. आत जाताना तीच, बाहेर पडताना तीच. ती ढिली तर सगळं घर उघडं. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाटीवरच्या गड्यानं तळहाताला काव फासायची, तांबडी माती. हात लागला की समोरच्याच्या अंगावर तांबडा डाग उठतो. मग तंटा नको नि बखेडा नको.

आता या माणसाची करामत ऐका. आष्टीचे गडी एकेक रेड्यासारखे, पण पाटीवर उभे राहिले की कुणीही यावं नि पार होऊन जावं. सालोसाल हार. लोकांनी आशा सोडलेली. खाजामियाँ तिथं गाद्या पिंजायला गेला आणि चार दिवस नुसता बघत बसला. पाचव्या दिवशी त्यानं सगळ्यांना एका धनगराच्या शेळ्यांच्या वाड्यापाशी नेलं, वाड्याच्या तोंडाशी एकाला उभं केलं आणि म्हणाला, “हितून एक शेळी भाईर जाऊ देऊ नको. बस्स.”

शेळी गेली. दुसरी गेली. अख्खा कळप गेला! बघणाऱ्यांच्या हसून हसून पोटात दुखायला लागलं.

“तुमी तिच्या तोंडाकडं बघताव,” खाजामियाँ ओरडला. “शेळी डोळ्यानं फसवती, मानंनं फसवती. खांद्यानं न्हाई फसवत. खांदा बघा बे, खांदा!”

सारा हिवाळा आष्टीकरांनी शेळ्या अडवल्या. गावानं टिंगल केली, बायकांनी नावं ठेवली. पण चैत्रात घाटमाथ्यावरच्या भैरोबाच्या यात्रेत खेळ झाला, तेव्हा आष्टीच्या पाट्यांतून मुंगी बाहेर पडली नाही.

पाटोद्याचा रोग उलटा. तिथं सगळे वाऱ्यासारखे पळणारे, पण जो तो म्हणे लोण मीच आणणार. एकमेकांच्या पायात पाय. खाजामियाँनं काय केलं? दोघादोघांच्या धोतराचे सोगे एकमेकांना बांधले आणि म्हणाला, असंच पाट्या पार करा. पहिल्या दिवशी पाटोद्याचा माळ तोंडघशी पडलेल्या गड्यांनी भरून गेला. त्यात शहादेव म्हणून एक सडपातळ, तिखट गडी होता. त्यानं गाठ सोडली, शिव्या हासडल्या आणि चालायला लागला. खाजामियाँ मागं गेला, त्याला धरून आणला आणि गाठ पुन्हा बांधली. होळीपर्यंत तेच गडी बांधलेले असूनही पाण्यासारखे वाहायला लागले, आणि शहादेव तर असा झाला की तो आत शिरला म्हटल्यावर बाया तव्यावरची भाकर सोडून बघायला यायच्या. वस्ताद निघाला तेव्हा तोच शहादेव त्याच्या पायावर पडून ढसाढसा रडला. पुढं वस्ताद कुठंही दिसो, भर बाजारात का असेना, शहादेव खाली वाकल्याशिवाय त्याच्यासमोरून गेला नाही.

आणि नांदूरघाट? अहो, दिव्याखाली अंधार! नांदूरघाटात पाट्या होत्या घराण्यांच्या. कपाळपाटी पाटलाची, दुसरी देशमुखाची, तिसरी जोशाची, असं करत शेवटची नववी धनगराची, नऊ पाट्यांची नऊ घरं, वाडवडलांपासून. यात्रेत खेळाआधी घराण्यांची नावं पुकारायची आणि ज्याचं त्यानं आपल्या पाटीवर जाऊन उभं राहायचं. यात्रेहून गावाचं निशाण परत आलं की त्या नऊ दारांपुढं थांबायचं, बाया निशाणाच्या काठीवर पाणी ओतायच्या. खाजामियाँ विशीत होता तेव्हा त्याच्यासारखा चपळ गडी गावात दुसरा नव्हता. पण पिंजाऱ्याच्या घराला पाटी नव्हती. तो नऊ नावं ऐकायचा, दहावं कधी आलं नाही. निशाण पिंजारगल्लीच्या तोंडावरून सरळ पुढं जायचं. म्हणून तर तो मुलूखभर दुसऱ्यांच्या पाट्या बांधत फिरला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. एकट्या जैनबबीला ते ठाऊक होतं.

आता पन्नाशी उलटली आणि नांदूरघाटावर संकट आलं. यात्रेचा कायदा असा की लागोपाठ तीन साल एकाच गावाकडून हरलेल्या गावानं आपलं निशाण जिंकणाऱ्याच्या हवाली करायचं. जरीच्या गोंड्याचं ते लांब काठीचं निशाण, आजे-पणजे त्याच्यामागं चालले होते! नांदूरघाट दोनदा हरलेलं, दोन्ही वेळा पाटोद्याकडून. यंदा हरलं की निशाण पाटोद्याला. गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

पाटील होते बबनराव. देहानं ऐसपैस, मनानं मोठे, आवाज वेशीबाहेर जाणारा. त्यांची खात्री की गावाची हार बाकीच्या आठ पाट्यांमुळं होते. “मला कोण चुकवून गेलाय सांगा!” असं ते मांडी थोपटून विचारायचे. कुणी सांगायचं नाही.

शेवटी पाटलीणबाईंनी, चंद्रभागाबाईंनी, तोंड उघडलं. ओसरीवर खाजामियाँ त्यांच्या घरच्या रजया पिंजत होता आणि बाई त्याच्या देखत नवऱ्याला म्हणाल्या, “साऱ्या मुलखाला शिकवणारा मानूस तुमच्या ओसरीवर कापूस पिंजतोय, आन् तुमी कपाळाला हात लावून बसलाव? कावून इचारत न्हाई त्याला?”

पाटील गोरेमोरे झाले. मग म्हणाले, “खाजा, येतोस का रे माळावर?”

पिंजणीची तात मध्येच थांबली. तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं रजईच्या ढिगात बसलेलं असताना कानावर पडलं. “येतो मालक,” इतकंच तो म्हणाला, आणि तडक घरी येऊन जैनबबीला सांगितलं.

संध्याकाळी माळावर गेला, एका कडेला बसला, आणि बघता बघता त्याचे डोळे विस्फारले. गडी आत शिरायचे, पाटलांच्या पाटीपाशी यायचे आणि तिथं त्यांची चाल मंदावायची. एकजण चक्क “रामराम पाटील” म्हणाला! पाटलांनी हात लांब केला की हे आपणहून त्या हाताला पाठ लावायचे. धुळाजी धनगर, ज्याला शेळीच्या वाड्यावर कुणी चुकवू शकत नव्हतं, तोही आला, वाकला नि तांबडा डाग घेऊन बाद झाला. पाटलाला चुकवून जायचं? पाटलाच्या पाठीमागून? छे छे, असली बेअदबी कोण करणार! अख्खं गाव सालोसाल पाटलांच्या हातून बाद होत होतं, आणि पाटील समजत होते की मुलखात आपल्या तोडीचा गडी नाही. परगावचे मात्र त्यांना बुजगावण्यासारखं ओलांडून जायचे.

खाजामियाँला हसावं की रडावं कळेना. घरी जाऊन त्यानं जैनबबीला सांगितलं.

“मग सांगा की त्यांना,” ती म्हणाली.

“कोन सांगणार? पाटील हाय तो. उद्या गल्लीत राहायचंय आपल्याला.”

“निशाण गेल्यावर गल्लीत राहून तरी काय करताव?” जैनबबी म्हणाली, आणि पदरानं चुलीचा धूर वारत बसली.

दुसऱ्या दिवशी खाजामियाँ पांढरी धुवट बंडी घालून माळावर आला. म्हणाला, “पाटील, आज मी येतो आत.”

“ये की!” पाटील खूश. “म्हातारपणी मस्ती आली व्हय बे?”

खाजामियाँ निघाला. डावा खांदा पाडला, पाटलांचा हात डावीकडं गेला, आणि हा उजवीकडून पार! पाटील म्हणाले, “पुन्यांदा.” खाजामियाँ पुन्हा आला, पुन्हा पार. “पुन्यांदा!” पाटील घामाघूम, पागोटं सुटलेलं, आवाज चढलेला. खाजामियाँ आला, थांबला, गिरकी घेतली आणि पाटलांच्या पाठीमागून निघून गेला. मग पाटलांपुढं येऊन उभा राहिला. अंगावरची बंडी पांढरीफेक, एक ठिपका नाही.

“मालक,” तो म्हणाला, “मी म्हातारा मानूस. मी जातो तर शहादेव कसा जाईल? ह्या लोकांनी तुमाला कदी चुकवलं न्हाई, कारण ते तुमाला चुकवतच न्हवते.”

पाटलांनी गड्यांकडं पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांच्या अंगावर पाटलांच्या हाताचे तांबडे डाग.

“धुळ्या,” पाटील म्हणाले, “तू बी?”

धुळाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

“माझ्याच गावानं फसवलं बे मला!” पाटील गरजले. खाजामियाँनं धीर केला. “पाटील, पोळ्याला तुमचा बैल पयला तोरणाखालून जातो. तो त्याचा मान. पण म्हातारा झाला तरी नांगराला त्यालाच जुंपताव का? नारळ तुमी फोडा, पयला पाय तुमी टाका. पाटीवर धुळाजीला उभा करा.” पाटलांनी पागोटं उचललं, झटकलं आणि घरी गेले. त्यानंतर यात्रेपर्यंत ते माळावर फिरकले नाहीत.

गावात कुजबुज सुरू. आता खाजाचं काही खरं नाही म्हणे! पण खाजामियाँ हटला नाही. उरलेल्या पाट्यांवरचे गडी त्यानं धुळाजीच्या वाड्यावर नेले, शेळ्या सोडल्या, सोगे बांधले, घसा बसेपर्यंत ओरडला. देशमुखाचा पोरगा आणि धुळाजी एका गाठीत बांधलेले पाहून म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले. पण पोरं तयार झाली हो! एकच पाटी रिकामी होती, आणि तिथं कोण उभं राहणार ते पाटलांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

चैत्र उजाडला. भैरोबाचा माळ माणसांनी फुलला, हलग्या कडाडायला लागल्या. पंच होते केजचे पाशा जमादार, सरकारी नोकरीतून मोकळे झालेले, खणखणीत आवाजाचे, कुणाच्या बापाला न भिणारे. पहिला डाव नांदूरघाटचा. आठ गडी बाद झाले, पण धुळाजी! काय सांगावं, तो शेळीसारखा डोळ्यानं एकीकडं नि अंगानं दुसरीकडं, नऊच्या नऊ पाट्या पार करून माघारी आला. “लोण!” नांदूरघाटकरांनी आभाळ फाडलं. एक लोण हाती आलं. आता पाटोद्याला एकही लोण मिळू द्यायचं नाही, कारण बरोबरी झाली तर सरशी गेल्या सालच्या विजेत्याची, म्हणजे पाटोद्याचीच.

नांदूरघाटच्या पाट्या मांडायची वेळ आली. पाशा जमादारांनी पुकारलं, “कपाळपाटी! घराणं पाटलाचं!”

बबनराव पुढं आले. नारळ फोडला. पाटीवर पाय ठेवला. मग खाली बसून त्यांनी दोन्ही तळहातांना काव फासली. खाजामियाँनं डोळे मिटले. संपलं, असं त्याला वाटलं. गेलं निशाण.

कुणीतरी त्याचे हात धरले. डोळे उघडून बघतो तर समोर पाटील. त्यांनी आपले तांबडे तळहात खाजामियाँच्या तळहातांवर दाबले आणि सगळ्या यात्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पाशाभाई, नीट पुकारा. कपाळपाटी, खाजामियाँ पिंजारी, राहणार नांदूरघाट!”

“अहो, तो धुळाजी...” खाजामियाँ पुटपुटला.

“धुळ्या कपाळपाटीच्या मागं देशमुखाच्या जागी हाय, देशमुखाचं पोरगं धुळ्याच्या जागी, देशमुखाला मी समजावलंय. आन् शहादेवचा खांदा धुळ्याला कळतो का तुला? तूच घडवलास न्हवं त्याला? ऱ्हा उभा. कपाळावर हात मारून घेऊ नको, हात रंगलेत.”

अहो, पाशा जमादारांनी पुकारलं ना ते नाव! तीस वर्षांनी! खाजामियाँचे पाय जमिनीवर होते की नव्हते कुणास ठाऊक. पण पाटोद्याचे गडी आत घुसले आणि पाय आपसूक रोवले गेले. पहिला आला, खांदा डावा, हात गेला, बाद! दुसरा बाद! बाकीचे एकदम घुसले, त्या गर्दीत शहादेव सटकून आत गेला. मागं धुळाजीनं एक टिपला, देशमुखाच्या पोरानं एक. एकेक करत पाटोद्याचे आठ बाद झाले. उरला शहादेव. तो नववी पाटी पार करून वळला. आठवी, सातवी, सहावी, हा हा म्हणता आला की! पातं लवतं न लवतं तोच धुळाजीलाही चुकवलं त्यानं. आता मध्ये एकच पाटी आणि पाटीवर वस्ताद.

शहादेव समोर आला आणि त्याची चाल मंदावली. मान खाली गेली. गुडघे वाकायला लागले.

खाजामियाँनं ते ओळखलं. जन्मभर खांदे वाचलेला माणूस तो, त्याला कळलं की हा खेळायला नाही, वाकायला आलाय. नुसता हात लांब केला असता तर निशाण वाचलं असतं. गाव वाचलं असतं. आणि त्याच्या अंगाचा संताप संताप झाला.

“शहादेव!” तो असा ओरडला की पहिल्या रांगेतले लोक दचकले. “मला पाटील करू नको बे! खेळ!”

मागं उभ्या असलेल्या बबनरावांनी ते ऐकलं. ते सगळ्यात आधी हसले, पोट धरून हसले. “खेळ रं पोरा,” ते ओरडले, “खेळ, न्हाईतर तुला मीच धरतो!”

शहादेव ताठ झाला. डोळ्यात पाणी आणि ओठावर हसू. आणि मग तो खेळला. डावा खांदा पाडला, वस्ताद हलला नाही. उजवा पाडला, वस्ताद हलला नाही. मग त्यानं दोन्ही खांदे स्थिर ठेवून नुसत्या कंबरेतून अंग टाकलं. हे कुणी शिकवलं याला? वस्तादानं तर नव्हतं शिकवलं! त्या क्षणी खाजामियाँच्या मनात काय आलं असेल, तर “शाब्बास!” खरंच तेच आलं, आणि त्याच झपाट्यात त्यानं पाय पाटीवर ठेवून सगळं अंग फेकलं. शहादेव पार झाला. बाहेर!

पाटोद्याच्या हलग्या वाजायला लागल्या. खाजामियाँ पाटीवर आडवा पडलेला. पाशा जमादारांनी हात वर केला आणि ते शहादेवकडं चालत आले. पण शहादेव आधीच बंडी काढून बघत होता. पाठीवर, खांद्याच्या खाली, एका बोटाची तांबडी रेघ.

“लागला,” शहादेव म्हणाला. “लागला वस्ताद! देवाशप्पथ लागला!” आणि तोच आनंदानं नाचायला लागला. आपलं गाव हरलंय हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. मग त्यानं पडलेल्या वस्तादाला उठवलं आणि आता, खेळ झाल्यावर, पोटभर पाया पडला. ती बंडी त्यानं पुढं कधी धुतली नाही असं पाटोद्यात सांगतात, आणि खोटं कशाला सांगतील?

निशाण नांदूरघाटला परत आलं. वेशीपासून हलग्या, गुलाल, पोरं, कुत्री, सगळं गाव रस्त्यावर. रीतीप्रमाणं निशाण आधी पाटलाच्या दाराकडं वळलं. चंद्रभागाबाई पाण्याची घागर घेऊन उभ्याच होत्या. बबनरावांनी निशाणाच्या काठीला हात घातला.

“हितं नंतर,” ते म्हणाले. “निशाण आधी कपाळपाटीच्या घरी जातं. औंदा ते घर तिकडं हाय.”

आणि निशाण पिंजारगल्लीत शिरलं. त्या गल्लीत ते कधी आलं नव्हतं, गल्ली अरुंद, काठी लांब, पत्र्यांना नि वळचणींना गोंडे अडकत होते, लोक हसत होते, सोडवत होते. मागून खाजामियाँ येत होता, तोंड गुलालानं माखलेलं, काही सुचत नसलेला. जैनबबी दारात उभी होती. नऊ घरच्या बाया काय करतात ते तिनं आयुष्यभर गल्लीच्या तोंडावरून पाहिलं होतं. पण आता तिला काहीच आठवेना. ती आत धावली, बाहेर आली, पुन्हा आत धावली.

“अगं पाणी!” खाजामियाँ गर्दीतून ओरडला. “पाणी आण, जैनब!”

तिनं प्यायच्या रांजणातून हंडा बुडवून भरला, दोन्ही हातांनी उचलून आणला आणि निशाणाच्या काठीवर सगळाच्या सगळा ओतला. काठी भिजली, बबनरावांचे पाय भिजले, दारापुढची माती भिजली. मग ती हंडा धरून तशीच उभी राहिली आणि रडत रडत हसली.